चिलटांवरच्या संशोधनाची बातमी अर्धवट छापू नका

संपादक साहेब, नमस्कार,

मेंदूची वाढ होताना पेशी एकमेकींना सिग्नल कसे देतात यावर चिलटांवर प्रयोग करून काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञाची बातमी मध्ये तुमच्याकडे आली होती, जेमतेम सात-आठ ओळींची, आणि शेवटी काय तर "कॅन्सरग्रस्तांना आशेचा किरण". सिग्नल कोण कुणाला देतं, बिघडला तर काय होतं, एक अक्षर नाही! मी नेरूळला अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते, क्लासमध्ये एका मुलानं लगेच विचारलं, मॅडम चिलटांवर प्रयोग करायला पैसे कशाला देतात?

तर ऐका. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावतात ती चिलटं, त्यांच्यावर १९८० च्या सुमारास जर्मनीत न्युसलाइन-फोलहार्ड आणि वीशाउस या दोघांनी काम केलं, एक जीन बिघडला की अळीच्या अंगभर काटे येतात असं दिसलं म्हणून त्याला हेजहॉग (साळिंदरासारखा एक काटेरी प्राणी) म्हणायला लागले, १९९५ ला दोघांना नोबेलही मिळालं. तसाच जीन आपल्यात आहे, त्यापासून बनणारं प्रोटीन म्हणजेच पेशींचा सिग्नल. बाळाच्या लहान मेंदूत (म्हणजे मेंदूच्या मागच्या, तोल सांभाळणाऱ्या भागात) पुर्किंजे नावाच्या पेशी हा सिग्नल सोडतात आणि तो मिळाला की शेजारच्या कोवळ्या पेशी भराभर वाढतात, अगदी जन्मानंतरही काही महिने, मग काम झालं की थांबतात. सिग्नल नसताना त्यांना आवरून धरणारा पॅच्ड नावाचा एक ब्रेक असतो, तोच निकामी झाला तर पेशी वाढतच राहतात आणि मुलाला मेड्युलोब्लास्टोमा, म्हणजे लहान मेंदूचा कॅन्सर, होऊ शकतो. सगळ्याच केसेस अशा नसतात, काहींत विन्ट नावाचा दुसरा सिग्नल बिघडलेला असतो आणि ती मुलं सहसा जास्त चांगली बरी होतात, म्हणून कुठला प्रकार आहे हे कळणं फार महत्त्वाचं, २०१६ पासून तर डब्ल्यूएचओनंही या ट्यूमरची वर्गवारी अशीच केलीय.

आणि हे काम आपल्या खारघरला होतं हो! ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात डॉ. नीलम शिरसाट यांच्या टीमनं २०१३ मध्ये ऑपरेशननंतर मेणात जपून ठेवलेल्या ट्यूमरच्या तुकड्यावरूनही मेड्युलोब्लास्टोमाचा प्रकार ओळखायची पीसीआर टेस्ट मांडली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सॅम्पल असंच ठेवतात, त्यामुळे याची किंमत मोठी.

औषधाचंही तसंच, अमेरिकेत आयडाहोला एक रानटी झाड खाऊन मेंढ्यांना एकडोळी कोकरं व्हायची, त्या झाडातलं द्रव्य हाच सिग्नल अडवतं हे पुढे कळलं, मग असे सिग्नल अडवणाऱ्या औषधांपैकी विस्मोडेगिबला २०१२ ला त्वचेच्या एका कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. पण लहान मुलांना ते सरसकट देता येत नाही कारण हाडं वाढायलाही हाच सिग्नल लागतो, वाढ खुंटते. ही अडचण तुमच्या "आशेच्या किरणा"त यायला नको का? आजारी मुलाचे आईबाप असली हेडिंगं कापून डॉक्टरांकडे घेऊन जातात.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी ॲक्ट्रेकला किंवा कुलाब्याला टीआयएफआर या मूलभूत विज्ञानाच्या संशोधन संस्थेत एखादा रिपोर्टर पाठवा, तिथल्या पीएचडीच्या मुलांशी मराठीत बोलू द्या, आणि रविवारच्या पुरवणीत निदान अर्धं पान द्या, चित्रासकट.

आपली,
एक वाचक शिक्षिका, नेरूळ