अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो

संपादक महोदय,

उजेडातून अंधारात गेल्यावर बाहुली मोठी झाली की काम झाले, असा अनेकांचा समज असतो. बाहुली काही सेकंदांत सुमारे २ मिलिमीटरवरून ७-८ मिलिमीटरपर्यंत फाकते; पण त्याने आत येणारा प्रकाश फार तर १६ पट वाढतो. खरे काम दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या प्रकाशसंवेदी पडद्यावर चालते. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी साधारण १० मिनिटांत आपली कमाल गाठतात. त्यापुढची मदार मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशींवर. प्रखर उजेडाने त्यांच्यातल्या ऱ्होडॉप्सिन या प्रकाश टिपणाऱ्या रंगद्रव्याचे विघटन झालेले असते आणि ते पुरेसे भरून यायला ३० ते ४० मिनिटे लागतात. (त्यासाठी अ जीवनसत्त्व लागते, ते कमी पडले की रातांधळेपणा येतो.)

म्हणूनच आकाशनिरीक्षण करताना मध्येच मोबाइलचा पांढरा पडदा पाहू नये. तेवढ्यानेही बरीच कमाई वाया जाते. नकाशा पाहायला मंद, गडद लाल दिवा वापरावा. त्या रंगाला दंडपेशी फारसा प्रतिसाद देत नाहीत. मात्र तो भगभगीत असेल तर उपयोग नाही. अंधूक तारा दिसत नसेल तर नजर त्याच्या किंचित बाजूला ठेवावी, कारण दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतातच.

रात्री वाहन चालवताना समोरच्या दिव्यांकडे न बघता रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर लक्ष ठेवावे आणि वेग कमी करावा. वयानुसार बाहुली कमी फाकते, हे खरे. तरी अंधारात पूर्वीपेक्षा जास्त चाचपडायला होत असेल, तर ते वयावर न ढकलता डोळे तपासून घ्यावेत.