भाड्यावर पण ड्यूटी?

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र छापून आलं की चीनमध्ये पॅनल नऊ रुपये वॅट आणि आमचे इंदूरचे सोलरवाले वीस-बावीस लावतात, म्हणजे सरळ लूट. मी सियागंजात ह्याच धंद्यात आहे त्यामुळे सकाळी पोहे खाता खाता वाचलं आणि घास घशातच राहिला. नऊ रुपये खरंय हो, पण तो तिकडच्या बंदरावरचा भाव, एफओबी. पुढचं माझ्याच एका कंटेनरवरून सांगतो.

2021 ची गोष्ट. जुलैच्या शेवटी परदेशी पॅनलवरची सेफगार्ड ड्यूटी (इथल्या कारखान्यांना वाचवायला लावलेली) संपली, नवीन कस्टम ड्यूटी 1 एप्रिल 2022 पासून लागणार हे आधीच जाहीर झालेलं, म्हणजे मधले आठ महिने ड्यूटी शून्य. सगळे धावले, मी पण धावलो. 540 वॅटचे 620 पॅनल, 40 फुटी कंटेनर गच्च. आणि नेमकी तेव्हाच जहाजांची भाडी कडाडलेली. कोविडच्या आधी हजार डॉलरच्या आसपास जायचे तिथे साडेसहा हजार मागितले, घ्यायचं तर घ्या नाहीतर पुढच्या महिन्यात बघू म्हणे. डॉलर 74 धरा, पॅनलमागे पावणेआठशे रुपये नुसतं समुद्रातलं भाडं! जहाज लेट झालं, तोवर 1 ऑक्टोबर उजाडला आणि सोलरचा जीएसटी 5 चा 12 झाला. न्हावा शेवा बंदरात बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) कागदावर एक मॉडेल नंबर जुळेना, त्यात नऊ दिवस गेले, आणि फुकटचे दिवस, म्हणजे फ्री डेज, संपले की जहाज कंपनीवाले कंटेनर अडकवल्याचं डिटेन्शन डॉलरमध्ये लावतात, बंदरात माल पडून राहिल्याचं पोर्टवाल्यांचं डेमरेज वेगळं, दोन्ही मीटर एकदमच चालू. मग ट्रेलर, बिजासन घाट, आणि गोदामात पेट्या उघडल्या तर 11 पॅनलच्या काचा तडकलेल्या. ते निदान दिसले तरी. सेलमधले बारीक क्रॅक डोळ्याला दिसतच नाहीत, दोन वर्षांनी गिऱ्हाइकाचा फोन येतो, भिया युनिट कमी पडतायत.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे आणि त्यावर कोणी लिहीत नाही. आपल्याकडे कस्टम ड्यूटी सीआयएफ किमतीवर लागते, म्हणजे माल अधिक विमा अधिक जहाजभाडं, ह्या सगळ्या बेरजेवर. आज पॅनलवर 20 टक्के बेसिक आणि 20 टक्के कृषी सेस (सोलरला कृषी सेस का ते विचारू नका) मिळून 40. म्हणजे तांबड्या समुद्रात कोणी जहाजांवर हल्ले केले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली, भाडी वाढली, तर त्या वाढलेल्या भाड्यावर पण सरकारला 40 टक्के! माझे ते पावणेआठशे आज लागले तर त्यावर 310 ड्यूटी, वरून जीएसटी. अमेरिकेत ड्यूटी एफओबीवर असते, समुद्रातलं भाडं त्यात धरत नाहीत. आणि भाड्याचा कागद नसला तर आपल्याकडे एफओबीच्या 20 टक्के भाडं गृहीत धरतात, ते वेगळंच.

आता त्या नऊ रुपयांचा हिशोब करा. भाडी उतरली असली तर अर्धा रुपया वॅट धरा, साडेनऊ. त्यावर 40 टक्के, तेरा-तीस. मग 5 टक्के जीएसटी (2025 च्या सप्टेंबरात 12 चा परत 5 झाला, देवाची कृपा). चौदा झाले आणि आपण अजून बंदराच्या गेटबाहेर पण पडलो नाही. पॅनल महाग होते तेव्हा भाडं त्यात दडून जायचं, आता पॅनल इतके स्वस्त झालेत की भाडंच डोळ्यात खुपतं. त्यात चीननेसुद्धा 2024 च्या डिसेंबरपासून निर्यातीवरचा करपरतावा 13 वरून 9 टक्क्यांवर आणला, म्हणजे तिकडून निघतानाच माल महाग.

आणि त्या वाचकांनी पीएम सूर्यघरमध्ये (घराच्या छतावरच्या सोलरची सरकारी योजना) 78 हजारांची सबसिडी घेतली असेल तर त्यांच्या छतावर चीनचा माल लागूच शकत नाही, त्यात सेलसुद्धा भारतातलाच लागतो आणि तो महाग आहे. मग चीनच्या भावाशी तुलना कशाला?

ड्यूटी ठेवा, इथले कारखाने चालायला हवेत हे मलाही पटतं, पण ती मालावर लावा. तुमच्या दिल्लीच्या बातमीदाराने बजेटच्या आधी एवढं तरी अर्थ मंत्रालयात कोणाला विचारावं. आणि त्या वाचकांना सांगा, माझं 2021 चं बिल ऑफ एंट्री (कस्टमचा आयातीचा कागद) अजून फाइलला आहे, दुकानात येऊन बघून जा.

— एक सोलर व्यापारी, सियागंज, इंदूर