वाटेवरची मंडळी

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. ‘निवृत्तीनंतर करतोस तरी काय?’ असं विचारलंयस. पुढच्या वर्षी तुझी पाळी, म्हणून ही काळजी, ओळखलं मी.

पहिले 3 महिने वाईट गेले. रविवारी सकाळी आपोआप जाग यायची आणि चर्चमध्ये द्यायचा संदेश तयार नाही म्हणून छातीत धस्स व्हायचं. चर्चचा पाद्री म्हणून माझ्या जागी आलेल्या नव्या पाळकांच्या कामात लुडबुड करायची नाही, जुन्या चर्चच्या मंडळीतलं लग्न, बाप्तिस्मा, अंत्यविधी त्यांनी बोलावल्याशिवाय करायचा नाही, हे पथ्य मी पाळतो. तूही पाळ, जड जाईल तरी. मग डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलं, म्हणून बाहेर पडलो. सेवा वगैरे काही डोक्यात नव्हतं.

पहिली ओळख झाली ती एका म्हाताऱ्या कुत्र्याशी. त्याच्या मालकीणबाईंशी नंतर. दोन महिने आम्ही त्याच्या मागच्या पायाबद्दलच बोलत होतो. एके दिवशी बाई एकट्याच आल्या, हातात नुसता पट्टा. म्हणाल्या, “तुम्ही पाद्री ना? कुत्र्यासाठी प्रार्थना करतात का हो?” व्यासपीठावर असतो तर प्राण्यांना आत्मा असतो की नाही यावर अर्धा तास बोललो असतो. त्या दिवशी एवढंच म्हणालो, “करूया की.” चालता चालताच केली, डोळे उघडे ठेवून, नाहीतर दोघंही धडपडलो असतो. मग त्या बोलायला लागल्या ते कुत्र्याबद्दल नाहीच. 11 वर्षं फोन न केलेल्या भावाबद्दल.

मी पाळक होतो हे लपवत नाही, पण आपण होऊन सांगतही नाही. सांगितलं की माणूस एकदम सावरून बोलायला लागतो, शिव्या गिळतो, आणि शिव्यांबरोबर खरं तेही गिळतो. शेजारी चालताना आणखी एक सोय असते: एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. दोघांची नजर वाटेवर. माझ्या खोलीत समोरच्या खुर्चीवर बसून जे कुणी कधी बोललं नाही, ते इथं चढावर धापा टाकत बोलतात. आणि वाटेवर ऐकलेलं घरी न्यायचं नाही, बायकोलाही सांगायचं नाही, हा नियम इथंही तोच.

अम्माऊसची वाट आठवते ना, लूकच्या शुभवर्तमानाच्या 24व्या अध्यायातली? पुन्हा उठलेला येशू वाटेत दोन शिष्यांबरोबर चालतो आणि ते त्याला भाकर मोडेपर्यंत ओळखत नाहीत, ती. त्यावर मी कितीतरी वेळा बोललो असेन, दरवेळी भर शेवटच्या भाकर मोडण्यावर. आता लक्षात येतं, प्रभू आधी विचारतो की तुम्ही चालता चालता काय बोलत होता. त्या दोघांना सगळं सांगू देतो, आणि शास्त्र उलगडतो ते त्यानंतर. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या इंग्लंडमधल्या जॉन वेस्लीचंही तसंच बघ. चर्चबाहेर आत्मे तारणं त्याला जवळजवळ पापच वाटायचं, आणि 1739 साली तोच उघड्यावर उपदेश करायला उभा राहिला. अर्थात त्याच्यापुढे हजारोंची गर्दी असायची. माझ्याबरोबर एक माणूस असतो, तोही पुढच्या वळणावर घरी जातो.

चुकलोही. एक गृहस्थ, पत्नी नुकतीच गेलेली, म्हणाले, “देवानं ऐकलं नाही.” माझ्या तोंडून लगेच बायबलमधल्या रोमकरांस पत्रातलं 8:28 हे वचन बाहेर पडलं, सगळ्या गोष्टी मिळून कल्याणच होतं वगैरे. 40 वर्षांची सवय रे. ते “बरं” म्हणाले, बुटाची लेस बांधायला वाकले आणि मला म्हणाले, “तुम्ही व्हा पुढं.” लेस सुटलेली नव्हती. त्यानंतर महिनाभर ते त्या वाटेला फिरकले नाहीत. मी रोज त्याच वेळी जात राहिलो. वचन खोटं नाही रे; मी ते फेकून मारलं.

गेल्या मंगळवारी ते पुन्हा दिसले. मी काही बोललो नाही, अवघड गेलं पण नाही बोललो. बऱ्याच वेळानं त्यांनीच विचारलं, “गुडघे कसे आहेत?” म्हटलं, “कुरकुरतात.” “माझेही,” म्हणाले, आणि पुढचा सगळा चढ आम्ही गुडघ्यांवरच बोललो.

तू येशील तेव्हा चांगले बूट घेऊन ये.

तुझा मित्र