खोक्यावर ॲटमॉस, कानावर स्टिरिओ

मा. संपादक,
स. न.

होम थिएटर घेताना चर्चा होते ती स्पीकर किती वॉटचे, पडदा किती इंचाचा याची. ‘मग ऑप्टिकल केबल जोडली की झालं’ असे म्हणून बाकीचा विषय मिटवला जातो. घरोघरी घोडे पेंड खाते ते याच केबलपाशी. सहा-आठ स्पीकर मांडलेले असतात, पण रिसीव्हरला, म्हणजे ध्वनी उलगडून स्पीकरना वाटणाऱ्या पेटीला, मिळत असतो दोनच वाहिन्यांचा, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरपुरता ध्वनी. हे चटकन लक्षातही येत नाही, कारण रिसीव्हर त्या दोन वाहिन्या पसरवून प्रत्येक स्पीकरमधून काही ना काही वाजवत राहतो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. ५.१ किंवा ७.१ ही झाली वाहिन्यांची संख्या. डॉल्बी डिजिटल, डीटीएस, ट्रूएचडी ही झाली त्या वाहिन्या बांधून पाठवण्याची पद्धत. ५.१ मध्ये समोर डावी, उजवी आणि मधली (सेंटर), बाजूंना दोन सराउंड, आणि ‘.१’ म्हणजे फक्त खर्जाच्या धमाक्यांची, साधारण १२० हर्ट्झपर्यंतची वाहिनी. ही वाहिनी म्हणजेच सबवूफर, असे बरेच जण समजतात. तसे नाही. सबवूफरला ती वाहिनी मिळतेच, शिवाय लहान स्पीकरना न झेपणारा इतर पाचही वाहिन्यांचा खर्ज रिसीव्हर त्याच्याकडे वळवतो. ५.१.२ मधला शेवटचा आकडा डोक्यावरच्या स्पीकरचा.

आता थोडा हिशेब. चित्रपटाचा ध्वनी सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा, म्हणजे मोजमापांचा असतो. प्रत्येक नमुना २४ बिटांचा धरला, तर सहा वाहिन्यांचे सेकंदाला ६९ लाख १२ हजार बिट होतात. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलला जास्तीत जास्त ४४८ किलोबिट मिळतात, ब्ल्यू-रेवर ६४०. म्हणजे मूळ ध्वनीचा दहावा भागसुद्धा नाही. कानाला एरवीही जाणवणार नाही असा तपशील गाळून हे साधले जाते. डीव्हीडीवरचा डीटीएस ७५४ किंवा १५०९ किलोबिटचा. ब्ल्यू-रेवरचे ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ मात्र काहीच गाळत नाहीत. संगणकावरची झिप फाइल उघडली की आतला मजकूर जसाच्या तसा मिळतो, तसा स्टुडिओतला ध्वनी बिट न् बिट परत मिळतो.

डॉल्बी ॲटमॉसबद्दलचा घोळ सगळ्यांत मोठा. कोणता आवाज खोलीत नेमका कुठून यावा, ही माहिती त्यात ध्वनीसोबत जाते आणि त्यासाठी तिला वाहन लागते. ब्ल्यू-रेवर हे वाहन ट्रूएचडी असते, इंटरनेटवरून येणाऱ्या चित्रपटांत बहुधा डॉल्बी डिजिटल प्लस. नाव दोन्हीकडे तेच, पण पहिल्यात मूळ ध्वनी अख्खा असतो, दुसऱ्यात गाळलेला. तुमच्या केबलमधून यातले कोणते वाहन जाऊ शकते, हे खोक्यावरच्या चिन्हावरून कळत नाही.

ऑप्टिकल केबलची जोडणी मुळात दोन वाहिन्यांच्या साध्या पीसीएम, म्हणजे न बांधलेल्या ध्वनीसाठी बनली. ४८,००० नमुने, १६ बिट, दोन वाहिन्या यांचा गुणाकार १५ लाख ३६ हजार. डीटीएसचा कमाल वेग डीव्हीडीवर १५०९ किलोबिटच का, याचे उत्तर या आकड्यात आहे. त्याच वाटेत तो जेमतेम बसतो. डॉल्बी डिजिटलही जातो. ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ जात नाहीत, डॉल्बी डिजिटल प्लसही नाही. टीव्ही मग प्लसचे साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये रूपांतर करून पाठवतो आणि ॲटमॉसची माहिती तिथेच गळून पडते. काही टीव्ही तेवढेही न करता सरळ स्टिरिओ पाठवतात.

टीव्हीकडून रिसीव्हरकडे ध्वनी उलटा आणणारी ‘आर्क’ ही सोय २००९ मध्ये एचडीएमआय या, चित्र आणि ध्वनी एकाच केबलने नेणाऱ्या जोडणीच्या १.४ आवृत्तीसोबत आली. डॉल्बी डिजिटल प्लस तिच्यातून जाऊ शकतो, म्हणून टीव्हीतल्या ॲपचा ॲटमॉस साउंडबारपर्यंत पोहोचू शकतो. न गाळलेला ध्वनी मात्र पोहोचत नाही. सहा वाहिन्यांचा पीसीएमही नाही. ही दुसरी अडचण गेमिंग कन्सोल वापरणाऱ्यांना हमखास नडते. कन्सोल टीव्हीला जोडलेला असतो, त्यातून ध्वनी पीसीएम ५.१ असा निघतो, आणि टीव्हीपुढे आर्कवर त्यातल्या दोनच वाहिन्या उरतात. अशा वेळी कन्सोलमध्ये ‘बिटस्ट्रीम, डॉल्बी’, म्हणजे बांधलेला ध्वनी निवडावा. २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ सोबत आलेल्या ‘ई-आर्क’मध्ये सेकंदाला सुमारे ३७ मेगाबिटची वाट मिळते, तिच्यातून हे सगळे जाते. पण ई-आर्क टीव्हीतही हवे आणि रिसीव्हरमध्येही. एकाच बाजूला असेल तर जोडणी गुपचूप साध्या आर्कवर उतरते.

आता सेटिंग. टीव्हीच्या ‘आर्क’ लिहिलेल्या पोर्टमध्येच एचडीएमआय केबल लावा, कारण बाकीच्या एचडीएमआय पोर्टमधून ध्वनी उलटा जात नाही. उपकरणांनी एकमेकांना ओळखण्याची सीईसी ही सोय दोन्हीकडे सुरू करा. टीव्ही बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीने तिचे वेगळेच बारसे केले आहे, तेव्हा मेनूत शोधाशोध करावी लागेल. डिजिटल ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’वर असेल तर ते ‘पास-थ्रू’ (आलेला ध्वनी न बदलता पुढे पाठवणे) करा, तो पर्याय नसेल तर ‘ऑटो’. ई-आर्क दोन्ही उपकरणांत वेगळे सुरू करावे लागू शकते. ब्ल्यू-रे प्लेअरमध्ये ‘बिटस्ट्रीम’ निवडा आणि ‘सेकंडरी ऑडिओ’ बंद ठेवा. मेनूच्या बटणांचे टिकटिक आवाज आणि दिग्दर्शकाची टिप्पणी मूळ ध्वनीत मिसळण्यासाठी हा पर्याय असतो. तो सुरू असला की प्लेअरला ध्वनी उलगडून पुन्हा बांधावा लागतो, आणि ट्रूएचडीच्या जागी साधा डॉल्बी डिजिटल बाहेर पडतो.

यानंतर रिसीव्हरच्या रिमोटवरचे ‘इन्फो’ किंवा ‘स्टेटस’ बटण दाबा. पडद्यावर ‘इनपुट सिग्नल’ आणि ‘साउंड मोड’ अशा दोन गोष्टी दिसतील. पहिली पाहा. आजच्या रिसीव्हरवर दुसरीसमोर ‘डॉल्बी सराउंड’ दिसले म्हणून खूश होऊ नका. दोन वाहिन्या पसरवून सगळ्या स्पीकरना वाटण्याच्या पद्धतीचेच ते नाव आहे. इनपुटसमोर ‘पीसीएम २.०’ असेल तर वाटेत कुठेतरी ध्वनीला कात्री लागली आहे, किंवा ॲपमध्ये निवडलेला ध्वनिपट मुळातच स्टिरिओ आहे. एकाच चित्रपटाचा एका भाषेतला ध्वनी ५.१ आणि दुसऱ्या भाषेतला नुसता स्टिरिओ असू शकतो. सेटिंग उलटीपालटी करण्याआधी भाषा बदलून पाहा.

डीटीएसची डिस्क लावली की सगळे चिडीचूप, ही तक्रारही नेहमीची. काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत. यावर, आणि वरच्या निम्म्या भानगडींवर, एकच खात्रीचा उपाय आहे. प्लेअर थेट रिसीव्हरला जोडा आणि रिसीव्हरमधून चित्र टीव्हीकडे न्या. मग ध्वनीच्या वाटेत टीव्ही येतच नाही. टीव्हीतल्या ॲपपुरते आर्क असू द्या.

एक स्पष्ट सांगतो. ६४० किलोबिटचा ध्वनी आणि न गाळलेला ध्वनी यांतला फरक चांगल्या खोलीत लक्ष देऊन ऐकला तर जाणवू शकतो, पण चुकीच्या जागी ठेवलेले स्पीकर पहिल्या मिनिटाला जाणवतात. समोरचे दोन स्पीकर बसण्याच्या जागेपासून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांवर हवेत. म्हणजे तुम्ही तीन मीटरवर बसत असाल तर त्या दोघांतही तीन मीटर अंतर. ५.१ मधले सराउंड ११० अंशांच्या आसपास, म्हणजे कानांच्या किंचित मागे. ते खोलीच्या मागच्या कोपऱ्यांत छताला टांगले की आवाज बाजूने न येता पाठीवर आदळतो. छतावर आवाज आपटवून वरून ऐकवणारे स्पीकर घेणार असाल तर छत सपाट, कडक आणि साधारण साडेसात ते बारा फुटांवर हवे. उतरत्या छताखाली किंवा ध्वनी शोषणाऱ्या फॉल्स सीलिंगखाली ते घेऊ नयेत.

संवाद ऐकू येत नाहीत आणि स्फोट झाला की शेजारी जागे होतात, या तक्रारीत दोष बहुधा सेंटरचा. संवाद मुख्यतः त्याच वाहिनीत असतात. सेंटर कपाटाच्या खणात आत ढकललेला असेल तर कडेपर्यंत पुढे ओढा, टीव्हीखाली असेल तर त्याचे तोंड कानांच्या दिशेने किंचित वर करा, मग त्याची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा. सेंटर जोडलेलाच नसेल तर रिसीव्हरच्या मेनूत तसे सांगा, नाहीतर संवाद अस्तित्वातच नसलेल्या स्पीकरकडे जात राहतील. रात्रीसाठी ‘नाइट मोड’ असतो. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज उचलतो.

खर्जासाठी, स्पीकर फार मोठे नसतील तर, सगळे मेनूत ‘स्मॉल’ करावेत आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा खर्ज सबवूफरकडे वळवायचा ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवावा. ‘स्मॉल’ म्हटल्याने स्पीकरचा काही अपमान होत नाही. सबवूफरच्या पाठीवर क्रॉसओव्हरचे वेगळे बटण असते, ते पूर्ण वर किंवा ‘एलएफई’वर (हे ‘.१’ वाहिनीचेच नाव) न्या. दोन्हीकडे गाळणी लावली तर मधला खर्ज गायब होतो. आणि सबवूफर कुठेही ठेवला तरी चालतो, हे अर्धसत्य आहे. त्याची दिशा कानाला कळत नाही हे खरे, पण खोलीला त्याची जागा कळते. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींमध्ये घुमतो. तो एका जागी दणाणेल आणि दुसऱ्या जागी नाहीसाच होईल. म्हणून सबवूफर तात्पुरता सोफ्यावर, बसण्याच्या जागी ठेवा, खर्जाचे संगीत लावा आणि कान जमिनीलगत ठेवून भिंतीकडेने फिरा. जिथे खर्ज एकसारखा ऐकू येईल तिथे सबवूफर मांडा. घरचे हसतील, हसू द्या.

वायर जोडताना लाल टोक लालला, काळे काळ्याला. एका स्पीकरचे उलटे झाले तर समोरचा आवाज मधोमध ठरत नाही आणि खर्ज पातळ होतो. रिसीव्हरसोबतचा मायक्रोफोन स्टँडवर, बसल्यावर कान जिथे येतात त्या उंचीवर ठेवा. हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीला टेकवू नका, पंखा आणि एसी बंद करा. मोजणीनंतर सबवूफरचे अंतर खऱ्यापेक्षा मीटरभर जास्त दिसले तर ‘दुरुस्त’ करू नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो. एक मिलिसेकंद म्हणजे हवेतले सुमारे ३४ सेंटिमीटर.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर आधी पाहा, आवाज पुढे आहे की मागे. पुढे असेल तर टीव्ही चित्रावर काम करण्यात वेळ घालवतो आहे, तेव्हा रिसीव्हरचा ‘ऑडिओ डिले’ वाढवा. आवाज मागे पडत असेल तर हाच डिले शून्यावर आणा आणि टीव्हीचा आउटपुट पास-थ्रूवर आहे ना ते पाहा. रिसीव्हर ध्वनी थोपवून धरू शकतो, वेळेआधी वाजवू शकत नाही.

सगळे लावून झाल्यावर रिसीव्हरमधला फुसफुस आवाजाचा टेस्ट टोन बहुतेक जण ऐकतात आणि निर्धास्त होतात. तो रिसीव्हरच्या पोटातच तयार होतो, त्यामुळे तपासल्या जातात त्या फक्त स्पीकरच्या वायरी. प्रत्येक वाहिनीचे नाव त्या त्या स्पीकरमधून उच्चारणारी चाचणी-फाइल ज्या वाटेने चित्रपट पाहणार त्याच वाटेने, म्हणजे त्याच प्लेअरमधून किंवा टीव्हीतल्या त्याच ॲपमधून लावा. त्या वेळी साउंड मोड ‘डायरेक्ट’वर ठेवा, म्हणजे रिसीव्हर वाहिन्या पसरवणार नाही. मग ‘उजवा सराउंड’ हे शब्द समोरच्या उजव्या स्पीकरमधून ऐकू आले, तर पुन्हा ऑडिओ आउटपुटच्या मेनूकडे वळा.

आपले,
ध्वनियंत्रणेच्या जोडणीचे काम करणारे दोन वाचक