रविवारची बैठक: हॉस्पिटलमधलं गुणवत्तेचं काम

मैत्रिणींनो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता राजारामपुरीतल्या आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये जमायचं आहे. आपल्यातल्याच एक ताई बोलणार आहेत. लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागल्या, आज एका हॉस्पिटलचा गुणवत्ता विभाग सांभाळतात.

परवा त्यांची वही पाहिली. लसींच्या फ्रिजचं तापमान, दिवसातून दोनदा, वेळ आणि सहीसकट. ते २ ते ८ अंशांतच हवं. एका दुपारी ११ लिहिलेलं, पुढे लाल पेनानं 'लस बाजूला काढली, वापरायची नाही'. रक्ततपासणीचंही तसंच. पेशंटचे नमुने लावण्याआधी कंट्रोल, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा नमुना, चालवायचा. त्याचं उत्तर चुकलं तर रिपोर्ट थांबवायचे, कुणी कितीही घाई करो. मला तर हे थांबवणंच फार मोलाचं वाटतं.

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), नर्सिंग, फार्मसी झालेल्या मुलींना जरूर आणा. एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता), आयएसओ १५१८९ (वैद्यकीय लॅबच्या गुणवत्तेचं मानक), इंटर्नल ऑडिटरचं, म्हणजे आपल्याच संस्थेचं काम तपासण्याचं प्रशिक्षण, सगळं त्या सांगतील. नोकरीत खंड पडलेल्यांनी तर याच. ताईंनीही बाळासाठी चार वर्षं घरी काढली होती.

शनिवारी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर नाव टाका, म्हणजे चहा-पोह्यांचा अंदाज येईल.