हात लागण्याआधीचं काय?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला चिनी युद्धकलांवरचा लेख वाचला. विषय घेतलात याचा आनंद झाला. मात्र डोळ्यांना पट्टी बांधून हात फिरवणाऱ्या दोघांचा फोटो टाकून ‘हीच कुंग फूची लढाई’ असं म्हणणं पटलं नाही. नोकरीनिमित्त काही वर्षं हाँगकाँगला होतो, तिथे विंग चुन ही कुंग फूची एक शैली शिकलो. आता ठाण्यात हौसेने मुलांचा सराव घेतो, म्हणून लिहितोय.

फोटोतली कवायत म्हणजे विंग चुनमधली ‘ची साव’, म्हणजे ‘चिकटलेले हात’. तिची पहिली पायरी एकाच हाताची. एकाचा तळवा वर, दुसऱ्याचं मनगट त्याच्या मनगटावर टेकलेलं. पहिला छातीकडे तळव्याचा फटका सोडतो. दुसरा कोपर खाली घेऊन तो फटका दाबून थोपवतो आणि त्याच हाताने ठोसा देतो. पहिला कोपर उचलून ठोसा बाजूला काढतो. की पुन्हा पहिल्यापासून. नवशिका हमखास अंग रेलून दाब देतो. आमचे सिफू, म्हणजे गुरुजी, अशा वेळी काही न बोलता हात काढून घेत. दाब बरोबर असला तर सुटलेला हात सरळ त्यांच्या छातीवर जाई, नसला तर गडी स्वतःच पुढे कोलमडे.

लेखात ताय चीचं ‘तुई शौ’ही (जोडीने हात ढकलण्याचा सराव) याच माळेत ओवलंय. स्पर्शावरून समोरच्याचा कल ओळखायचा, इथवर साम्य आहे. पण तिथे ठोसा नसतो, समोरच्याचे पाय उखडायचे असतात. त्यातही घराण्याघराण्यांत फरक. ताय चीचे गुरू चेंग मान-चिंग यांच्या परंपरेत ताकद लावणं हाच दोष, आधी हरायला शिका म्हणतात. हनान प्रांतातल्या चेन गावच्या शैलीत सांधे मुरगळणं, पाडणं हेही येतं. हुंग गार या दुसऱ्या कुंग फू शैलीवाले तर मनगट ते कोपर हात एकमेकांवर खाडखाड आपटून टणक करतात आणि मग औषधी दारू चोळत बसतात!

आता मुद्द्याचं. या कवायती सुरू होतात तेव्हा हात आधीच लागलेले असतात, म्हणून तर पट्टी बांधूनही जमतात. मारामारीत कोणी मनगट टेकवून उभं राहत नाही. मधलं अंतर कापतानाच मार बसतो. विंग चुनचा दुसरा फॉर्म (एकट्याने करायचा ठरलेल्या हालचालींचा क्रम), ‘चुम किउ’, बराचसा याच कामासाठी आहे. आपल्याकडे कित्येक क्लासमध्ये तो हवेत घोटून घेतात, जोडीदारावर दुरून कधी वापरू देत नाहीत. ची साव मात्र गॅदरिंगला हमखास, कारण स्टेजवर छान दिसते. मी निम्मा सराव ग्लोव्हज घालून चार पावलांवरून सुरू करायला लावतो. मुलं कुरकुरतात. चिकटल्या हातांत पटाईत असलेला पोरगा दुरून आलेल्या साध्या जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाने, गांगरतो, हे दर वेळी दिसतं.

पुढच्या वेळी असा फोटो छापाल तेव्हा कवायत कोणत्या शैलीची आणि कोणत्या पायरीची, एवढं तरी खाली द्यावं, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे