जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्या भाऊंस

भाऊ, स.न.वि.वि.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात चोपडा तालुक्यातून एक बाई लॅपटॉप आणि रुमालात बांधलेल्या दोन जुन्या रॅम, म्हणजे लॅपटॉपच्या मेमरीच्या पट्ट्या, घेऊन तुमच्या टेबलापाशी आली होती. ती मी. परतताना एस.टी. गाठायची होती, त्या घाईत पैसे देऊन निघाले आणि बोलायचं होतं ते राहून गेलं.

मी गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर चालवते. जुलैअखेर पीकविम्याची मुदत असते, तेव्हा सकाळी सातपासून ओट्यावर माणसं बसलेली असतात. माझ्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम. ब्राउझर, स्कॅनर आणि सातबाराची पीडीएफ एकत्र उघडली की तो गारठायचा. पान फिरत राहायचं, तेवढ्यात पोर्टल बाहेर काढायचं आणि अंगठा पुन्हा घ्यावा लागायचा. निंदणी करून करून बायांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात भाऊ, आधीच अंगठा चारदा नापास होतो. एक आजी घाबरून विचारायची, "माय, आखो अंगठा लावू का?" ते ऐकवत नव्हतं.

तुमच्याकडे येण्याआधी मी एका दुकानात विचारलं होतं. तिथे सांगितलं, वेगळ्या कंपनीची, वेगळ्या स्पीडची रॅम जोडीला लावली तर मदरबोर्ड जळेल, नवा लॅपटॉपच घ्या. नव्याचे पैसे कुठून आणणार होते? बियाणं-खतातच घर रिकामं झालेलं.

तुम्ही आधी रुमाल उघडला. भाच्याच्या लॅपटॉपमधली रॅम बाजूला ठेवलीत. ती डीडीआर-३, म्हणजे आधीच्या पिढीची; माझा लॅपटॉप त्यापुढच्या डीडीआर-४ चा. दोन्ही शेजारी धरून खाच कशी वेगळ्या जागी आहे ते दाखवलंत: एकीला २०४ पिना, दुसरीला २६०. एकीला १.३५ व्होल्ट लागतात, दुसरीला १.२. "ही बसणारच नाही ताई, आणि जोर लावून बसवायचीही नाही." दुसरी, दिरांच्या बंद पडलेल्या लॅपटॉपमधली ८ जीबीची, मात्र डीडीआर-४ निघाली. माझी २४०० स्पीडची, ती २६६६ ची. कंपन्याही वेगळ्या.

मी जळण्याचं विचारलं, तेव्हा तुम्ही हातातलं काम ठेवून समजावून सांगितलंत. प्रत्येक रॅमवर एक बारीक चिप असते, तिच्यात त्या रॅमची सगळी माहिती लिहिलेली असते. लॅपटॉप चालू होताना दोघींची माहिती वाचतो आणि दोघींना झेपेल तोच वेग धरतो. जोडीतला एक बैल संथ असला की औत त्याच्याच चालीनं चालतं, तसं. म्हणजे २६६६ वालीही २४०० वर चालणार. मग मी विचारलं, ४ आणि ८ असं कमीजास्त कसं चालेल? तुम्ही म्हणालात, समजा दोन बाया शेजारच्या तासांत कपाशी टोबताहेत. एकीच्या ओटीत चार मुठी बी, दुसरीच्या आठ. चार-चार मुठी दोघी मिळून भराभर लावतात. मग दुसरीच्या ओटीत उरलेल्या चार ती एकटी लावते. काम थांबत नाही, तेवढा भाग सावकाश होतो. म्हणजे १२ पैकी ८ जीबी दोन्ही वाटांनी, उरलेली ४ एका वाटेनं. इतकं सोपं करून मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आणि लगेच हेही सांगितलंत की वेगळ्या रॅमची जोडी जमेलच याची हमी नसते. लावून बघू, तपासून बघू.

आधी बॅटरीची वायर काढलीत. रॅम तिरपी घालून दाबली, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्कन बसल्या. चालू केला तर स्क्रीन काळी. माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही शांतपणे दोन्ही रॅम काढल्यात, सोनेरी पट्ट्या शाळेच्या खोडरबरानं पुसल्यात, जागा बदलून परत बसवल्यात. पुन्हा काळी. "थांबा, नवी जोडी जुंपली की पहिल्यांदा वेळ घेतो, ओळख करून घेतोय." अर्ध्या-एक मिनिटानं उजेड आला. टास्क मॅनेजरमध्ये १२ जीबी.

मी पिशवी उचलली, तर तुम्ही लॅपटॉप दिला नाहीत. खरं सांगते, राग आला होता. दुसऱ्या दिवशी ओट्यावर माणसं येणार होती. तुम्ही म्हणालात, "चालू झाला म्हणजे चांगला झाला असं नाही ताई. रॅममध्ये दोष असला तर लॅपटॉप बंद पडेलच असं नाही, कधी तो गुपचूप एखादा आकडा बदलतो. तुम्ही लोकांचे गट नंबर भरता." मी खालीच बसले. रात्री पिंप्राळ्याला नणंदेकडे राहिले. सकाळी आले तेव्हा रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट प्रोग्रॅमच्या चार फेऱ्या झाल्या होत्या, एरर शून्य. मजुरीचे १५० रुपये घेतलेत आणि चिठ्ठी लिहून दिलीत: ४ जीबी २४०० + ८ जीबी २६६६, दोन्ही २४०० वर. ती चिठ्ठी लॅपटॉपच्या झाकणात आतून चिकटवली आहे.

पुढचे दहा दिवस एकदाही मशीन गारठलं नाही. सगळं उघडलेलं असताना ६-७ जीबी भरायची, बाकी मोकळी. त्या आजीचा अंगठा एकदाच घेतला. माझ्या सेंटरवरच्या माणसांची नावंही तुम्हाला ठाऊक नव्हती. तरी त्यांच्या आकड्यांसाठी तुम्ही मशीन रात्रभर चालू ठेवलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

आणखी एक. ती डीडीआर-३ तुम्ही कागदात गुंडाळून वर नाव लिहून दिली होती, "फेकू नका" म्हणाला होतात. शेजारच्या गावच्या सेंटरवरच्या पोराकडे जुना लॅपटॉप आहे. खाच जुळवून पाहिली, व्होल्ट वाचले, बॅटरीची वायर काढली, पट्ट्या खोडरबरानं पुसल्या आणि रॅम मी स्वतः बसवली. तोही घाईत होता, पण रात्रभर नेऊ दिला नाही. सकाळी चार फेऱ्या झाल्या होत्या, एरर शून्य.

तुमची,
चोपड्याकडची सेंटरवाली ताई